इगतपुरीला खेकडा लागायचा

आमच्या घरात एक वाक्य वर्षानुवर्षं चालत आलं होतं. कुणी सकाळपासून चुलीपुढे बसून पुरण वाटावं, पोळ्या लाटाव्यात आणि पंगतीत तुपाची धार धरणारीचंच कौतुक व्हावं, किंवा एका भावाने उन्हाळाभर विहीर खणावी आणि पाणी लागलं त्या दिवशी दुसऱ्याने येऊन नारळ फोडावा, की मोठी आई कपाळाला हात लावून म्हणायची, "झालं! इगतपुरीला खेकडा लागला."

मोठी आई म्हणजे माझी आजी. मनमाडच्या त्या घरात आम्हा सगळ्यांना या वाक्याचा अर्थ न सांगता कळायचा. लग्न होऊन मी सासरी आले आणि एकदा जावेशी बोलताना ते सहज तोंडातून गेलं. ती नुसती बघत राहिली. इगतपुरीचा खेकडा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक नसतो, तो फक्त रेल्वेच्या घरांत राहतो, हे मला त्या दिवशी समजलं.

तो खेकडा मी प्रत्यक्ष निरखून पाहिला तो ६३व्या वर्षी, आणि तोही दिल्लीत.

मुलगी तिकडे असते. गेल्या हिवाळ्यात गेले होते, तेव्हा सात वर्षांच्या नातवाला घेऊन चाणक्यपुरीतल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात गेलो. १ फेब्रुवारी १९७७ ला सुरू झालेलं हे संग्रहालय. मोठं मोकळं आवार, झाडं, आणि रुळांच्या तुकड्यांवर उभी केलेली जुनी इंजिनं नि डबे. थंडीतलं ऊन पडलं होतं. शाळेच्या सहलीतली पोरं छोट्या गाडीत बसून आवाराला फेऱ्या मारत होती. नातवाला सगळ्यात आवडली ती हत्तीची कवटी. १८९४ साली एका मेलगाडीची आणि हत्तीची टक्कर झाली होती, त्या हत्तीची ती कवटी तिथे जपून ठेवली आहे. "गाडीला लागलं का गं?" असं त्याने तीनदा विचारलं. मग पतियाळा संस्थानाची एकरुळी गाडी बघितली. तिचा भार एका रुळावर आणि तोल सांभाळायला बाजूला मोठं चाक, ते सरळ रस्त्यावरून चालायचं. १९०७ मध्ये सुरू झालेली ही गाडी काही काळ खेचरं ओढत. माथेरानच्या डोंगरावर चढणारं एक ठेंगणं इंजिनही तिथे आहे. ते बघून परक्या गावात माहेरचं कुणी भेटावं तसं वाटलं.

आणि मग वळणावर तो उभा. दोन्ही टोकांना लांब नाकं, मध्ये उंच धड, आणि चाकांना जोडणारे जाडजूड लोखंडी दांडे. पाटीवर 'सर लेस्ली विल्सन', नंबर ४५०२. मी एवढ्या मोठ्याने "अरे, हा तर आपला खेकडा!" म्हणाले की सहलीच्या बाई मागे वळून बघायला लागल्या.

आता हे सांगायचं तर अण्णांपासून सुरुवात करायला हवी.

अण्णा म्हणजे माझे आजोबा. जीआयपी रेल्वेत, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेत, ते १९२७ साली मनमाडच्या लोको शेडमध्ये क्लीनर म्हणून लागले. लोक 'किलनर' म्हणत. काम काय, तर शेडमध्ये आलेल्या इंजिनाच्या पोटातली राख काढायची, तेलाचिंध्यांनी ते पुसायचं. क्लीनरचा फायरमन झाला, फायरमनचा ड्रायव्हर झाला, पण मालगाडीचा. मेलगाड्यांवर त्या काळी बहुतेक गोरे किंवा अँग्लो-इंडियन ड्रायव्हर असत. अण्णांना त्याचं दुःख होतं की नाही, मला कधी कळलं नाही. ते एवढंच म्हणत, "मेल माणसं नेते. माल नसेल तर ती माणसं खातील काय?"

इंजिन म्हणजे काय हे त्यांनी मला न्हाणीघरात शिकवलं. आमच्याकडे तांब्याचा बंब होता. मध्ये नळी, नळीत निखारे, भोवती पाणी. "हा बंब आडवा कर," ते म्हणायचे, "एका नळीच्या जागी शेदीडशे नळ्या घाल. एका तोंडाला भट्टी पेटव, म्हणजे जाळ नळ्यांतून दुसऱ्या तोंडाकडे पळेल आणि भोवतीचं पाणी उकळेल. वाफ कोंडून धर. ती बाहेर पडायला धडपडेल, तेव्हा तिला सांग, आधी हा दट्ट्या ढकल, मग जा. झालं इंजिन." पुढे शाळेत विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर वाफेच्या इंजिनाची आकृती काढली तेव्हा मला त्यात आमचा बंबच दिसला. थंड पडलेलं इंजिन पुन्हा वाफेवर यायला सात-आठ तास लागत, म्हणून शेडमधली आग सहसा विझू देत नसत. विझलेल्या इंजिनाला अण्णा 'सुतकातलं इंजिन' म्हणत.

मनमाडचं पाणी हा आणखी एक विषय. ज्यांनी मनमाडला संसार केला आहे त्यांना सांगायला नको. उन्हाळ्यात हंडा-हंडा पाण्यासाठी बायका रात्री जागत. आणि इकडे रुळांच्या कडेला ती लोखंडी सोंड, तिच्यातून इंजिनाच्या पोटात धबाधबा पाणी पडायचं. मोठी आई सांगायची की सोंड बाजूला वळवली की तिच्यातून बराच वेळ धार गळत राही. त्या धारेखाली कळशी धरायला बायका पहाटे जात. पहाऱ्यावरचा माणूस तेवढ्या वेळापुरता दुसरीकडे बघत राही. हे खरं किती आणि सांगता सांगता वाढलं किती, देव जाणे. बाबा म्हणत, ती दोनदाच गेली असेल. पण माझ्या डोळ्यांपुढे मात्र ती रोज पहाटे जाते, नऊवारीचा ओचा खोचून, थंडीत.

मनमाड तेव्हा दोन रुळांचं गाव होतं. एका बाजूला जीआयपीचा रुंद रूळ आणि दुसऱ्या बाजूला औरंगाबादकडे जाणारा निजामच्या रेल्वेचा मीटर गेज. दोन्हींचे डबे एकमेकांच्या रुळावर चालायचे नाहीत, म्हणून एका गाडीतली पोती हमालांनी पाठीवरून दुसऱ्या गाडीत न्यायची. नव्वदच्या दशकात तिकडचा रूळ रुंद झाला तेव्हा हा सारा प्रकार संपला. लहानपणी त्या हमालांच्या हाळ्या आम्हाला घरात ऐकू येत, आणि खिडकीतून हडबीच्या शेंडीचा सुळका दिसे, आकाशात अंगठा उभा करावा तसा.

रात्री-अपरात्री कॉलबॉय यायचा. पोरगेलासाच, हातात कंदील आणि काखेत वही. "डायवरसाब!" अशी हाक आली की अण्णा उठून त्या वहीत सही करायचे, म्हणजे मी जागा झालो आणि कामावर येतो आहे याचा पुरावा. पण कॉलबॉयच्या हाकेआधीच मोठी आई जागी असायची. तिला कसं कळायचं? ती म्हणे, कुत्री त्याला ओळखायची, ती भुंकायची नाहीत, नुसती शेपट्या आपटायची, तो आवाज तिला कळे. बाजरीच्या चार भाकरी, लसणीची चटणी, एखादी कोरडी भाजी फडक्यात बांधून व्हायची तोवर अण्णांचा डगला अंगावर चढलेला असे. त्यांची एक लोखंडी पेटी होती. तिच्यात कंदील, लाल-हिरवी निशाणं, पान्हे, आणि कागदाच्या पुडीत हळद. हळद भाजलं-कापलं तर लावायला.

चटणी-भाकरी घरची, पण खरी चैन वाटेत. मनमाड सोडून इगतपुरीकडे निघालं की लासलगाव लागतं. कांद्याचं गाव. मालगाडी तिथे वॅगन जोडायला थांबली की कुणीतरी दोन-चार कांदे हातावर ठेवायचं. कोळसा मारायचं फावडं आधी वाफेच्या पाण्याने लख्ख धुवायचं, त्यावर सालासकट कांदे ठेवायचे आणि भट्टीच्या दाराशी धरायचे. साल काळी पडते, आतला कांदा मऊ, गोड होतो. मग मुठीने फोडायचा, मीठ टाकायचं. अण्णा रिटायर झाल्यावर मोठी आई चुलीच्या निखाऱ्यात कांदा भाजून द्यायची. ते खायचे, पण दर वेळी म्हणायचे, "बरा आहे. फावड्यावरचा नाही." मीही गॅसवर भाजून बघितला आहे. तोही फावड्यावरचा नाही. परतताना घोटीचा तांदूळ यायचा. तो आला की घरात दोन दिवस भाताचा वास रेंगाळत राही, आणि शेजारच्या पोरांना बरोबर त्याच दिवशी आमच्याकडे अभ्यासाला यावंसं वाटे.

वाटेवरचं तिसरं ठिकाण देवळाली. तिथे इंग्रजांची मोठी लष्करी छावणी. दुसऱ्या महायुद्धात रात्रंदिवस फौजेच्या गाड्या धावायच्या. आमच्या घरात बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा होता, त्यात शेवया ठेवत. मोठी आई सांगे, देवळालीला एका तरुण गोऱ्या सोल्जराने तो अण्णांना दिला. इंजिनाच्या पायरीशी येऊन त्याने चहासाठी उकळतं पाणी मागितलं, अण्णांनी त्याचं टमरेल भरून दिलं, म्हणून. बाबांच्या सांगण्यात तो सोल्जर गोरा नव्हता, मद्रासकडचा होता. आणि अण्णांना विचारलं तर ते म्हणत, "पोरगा होता. घराची आठवण काढून रडत होता." कोणत्या देशाचा हे त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं. डबा पुढे गंजून गेला.

आता खेकड्याकडे येते.

इगतपुरीच्या पुढे थळ घाट. कसाऱ्यापर्यंत रूळ एकदम खाली उतरतो. ३७ फूट चाललं की १ फूट उतार, इतका कडक. १८६५ पासून तिथून गाड्या जातात. उतरणं अवघड आणि चढणं त्याहून अवघड. मग मुंबईकडून विजेच्या तारा आल्या. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली. तिचं उद्घाटन करणारे मुंबईचे गव्हर्नर म्हणजेच ते सर लेस्ली विल्सन, ज्यांचं नाव दिल्लीतल्या खेकड्यावर आहे. १९३० मध्ये तारा घाट चढून इगतपुरीपर्यंत पोचल्या आणि तिथेच थांबल्या. पुढे भुसावळकडे वीज यायला साठच्या दशकाची अखेर उजाडली. मधली जवळजवळ चाळीस वर्षं हिशेब असा की मनमाडकडून मालगाडी आणायची वाफेच्या इंजिनाने, इगतपुरीला ते सोडायचं आणि तिथे विजेचं इंजिन जोडायचं. मालगाडीला जोडायचं विजेचं इंजिन म्हणजे हा खेकडा. अशी ४१ इंजिनं जीआयपीने घेतली होती. स्वित्झर्लंडमधल्या डोंगरांत चालणाऱ्या इंजिनांच्या घडणीची ती. ड्रायव्हर-फायरमन लोकांनी त्याला खेकडा म्हटलं. काही सांगतात, उभं असताना ते कण्हल्यासारखा आवाज करायचं म्हणून. अण्णांचं म्हणणं वेगळं. "चालताना त्याचे दांडे बघ. नांगी हलवत चालतं की नाही?"

मनमाडपासून इगतपुरीपर्यंत रात्रभर दोघा फायरमनांनी टनावारी कोळसा मारायचा, अण्णांनी मान बाहेर काढून सिग्नल बघायचे, डोळ्यांत कोळशाच्या कण्या घ्यायच्या. पहाटे इगतपुरीच्या धुक्यात गाडी उभी राहायची, आकडा सुटायचा, आणि अण्णांचं इंजिन काळं, घामेजलेलं, फुसफुसत बाजूच्या रुळावर जायचं. मग तो खेकडा यायचा. धूर नाही, राख नाही. त्याच्या ड्रायव्हरचा शर्ट पांढरा असायचा. हे अण्णा नेहमी सांगत, शर्ट पांढरा होता म्हणून. तो गाडीला लागायचा आणि लासलगावचा कांदा घेऊन मुंबईला जायचा. मुंबईच्या माणसांना गाडी आणली कुणी, तर खेकड्याने.

म्हणून ते वाक्य. अण्णांनी पहिल्यांदा कधी म्हटलं कुणास ठाऊक. बाबांच्या मते १९३० च्या फेब्रुवारीतल्या जीआयपीच्या मोठ्या संपानंतर. मोठी आई म्हणे छे, माझ्या पहिल्या बाळंतपणात, सासूबाईंनी बाळाचं नाव ठेवलं तेव्हा.

अण्णा इगतपुरीच्या पुढे इंजिन घेऊन कधी गेलेच नाहीत. मुंबई त्यांनी पाहिली ती पासावर, बायकोमुलांना घेऊन, खिडकीत बसून. घाट सुरू झाला की ते खिडकीतून डोकं बाहेर काढायचे आणि मोठी आई त्यांचा सदरा धरून बसायची. पण रेल्वेच्या पहिल्या दिवसाची हकिगत त्यांना पांडवांच्या नावांसारखी पाठ होती: १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, १४ डबे, ४०० पाहुणे, आणि पुढे साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. लगेच पुढचं वाक्य ठरलेलं, "तिन्ही वाफेची." त्यांच्या आजीच्या लहानपणी मनमाडकडे रूळ आले तेव्हा इंग्रज पुलाच्या पायात पोरं पुरतात अशी आवई उठली होती आणि तिच्या आईने तिला आठवडाभर कणगीत लपवलं होतं, असंही ते सांगत. त्याच मुलीचा नातू इंजिनावर चढला, आणि दसऱ्याला शेडमध्ये इंजिनाला झेंडूचे हार घालून नारळ फोडायला लागला. आम्ही पोरं त्या पूजेला जायचो. इंजिनाच्या अंगाला हात लावायचा तो पटकन काढून घ्यायचा, एवढं ते तापलेलं असे.

स्वातंत्र्यानंतर चित्तरंजनच्या कारखान्यात इंजिनं बनायला लागली. १९५० मध्ये तिथून पहिलं निघालं त्याचं नाव देशबंधू. त्याच जातीची डब्ल्यूजी इंजिनं मग मालगाड्यांवर आली. अण्णांना ती फार आवडायची. "आपल्या लोकांनी केलेलं इंजिन" हे म्हणताना त्यांची छाती भरून येई. १९६६ मध्ये ते रिटायर झाले. शेवटच्या दिवशी इंजिनाला घरून नेलेला हार घातला आणि सहकाऱ्यांना पेढे वाटले. दोन-तीन वर्षांतच तारा मनमाडवरून गेल्या. अण्णा स्टेशनाकडे फिरायला जायचे ते थांबलं. नंतर १९७४ च्या मे महिन्यात रेल्वेचा देशभरचा संप झाला, बाबाही संपावर होते. त्या वीस दिवसांत घरात सगळे काळजीत आणि अण्णा ओसरीवर बसून कान देऊन काहीतरी ऐकत असायचे. विचारलं तर म्हणाले, "सुतकासारखं वाटतंय." १९७९ मध्ये ते गेले. ६ डिसेंबर १९९५ ला रुंद रुळावरची वाफेची शेवटची गाडी पंजाबात धावली, ती बातमी मी पेपरात वाचली आणि कात्रण काढून त्यांच्या फोटोमागे सरकवलं. ते अजून तिथे आहे.

तर दिल्लीत मी खेकड्यापुढे उभी होते. आयुष्यभर ज्याचा राग ऐकला तो हा. जवळून पाहिल्यावर राग काही येईना. रिवेट गंजाला टेकलेले, दांडे रंगाखाली घट्ट बसलेले. हाही शेवटी शेवटी मुंबईला व्हीटीच्या यार्डात डबे इकडून तिकडे करत म्हातारा झाला. त्याच आवारात जीआयपीचं ९२२ नंबरचं वाफेचं इंजिन आहे. ग्लासगोला बांधलेलं, मेलगाड्या ओढणारं. अण्णांना ज्यावर कधी चढता आलं नाही त्या जातीचं. नातवाने त्याला हात लावला आणि म्हणाला, "आजी, गार आहे."

त्याला मी तिथल्या बाकावर बसवून हे सगळं सांगितलं. बंब, फावड्यावरचा कांदा, पांढरा शर्ट. संग्रहालयातल्या पाट्यांवर कारखाना, साल, वजन सगळं नीट लिहिलेलं आहे, आणि ते जपणाऱ्यांचे उपकारच मानले पाहिजेत. पण कोळसा कुणी मारला ते पाटीवर नसतं. ते ज्याच्या त्याच्या घरात असतं, आणि माझ्या घरात आता ते सांगणारी मी एकटीच उरले आहे. बाबा गेले, काका गेले. डब्याचा सोल्जर गोरा होता की मद्रासी, हे विचारायला कुणी राहिलं नाही.

संध्याकाळी मुलीने पोराच्या आवडीचा केक आणला. तो मात्र सगळ्यांना सांगत होता की केक बाबानेच आणला. मुलगी स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघून म्हणाली, "झालं!" आणि पुढचं वाक्य नातवाने पुरं केलं.

तुमच्या घरी कुणी रेल्वेत, गिरणीत, बोटीवर राबलेलं जुनं माणूस असेल, तर त्याला एकदा त्याच्या यंत्रापुढे घेऊन जा आणि तो बोलत असताना मध्ये बोलू नका. दिल्लीला गेलात तर खेकडा बघून या. सोमवारी संग्रहालय बंद असतं.